माल आपला, भाव दुसऱ्याचा

विकसित आणि विकसनशील देशांतील तफावत : निरगुडसरपासून नेदरलँड्सपर्यंतचा हिशेब

'विकसित राष्ट्रे' आणि 'विकसनशील राष्ट्रे' हे शब्द आपल्या कानावर रोज पडतात. पण एक देश श्रीमंत का आणि दुसरा गरीब का, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. ज्याच्या जमिनीत सोने, तेल, कोळसा आहे, ज्याची माती सुपीक आहे, तो श्रीमंत. ज्याच्याकडे हे नाही तो गरीब. व्यापार करणाऱ्या माणसाने या उत्तरावर समाधान मानू नये. त्यात अर्धेच सत्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच आपल्या धंद्याचे नफा-नुकसान दडलेले आहे.

जपानकडे लोखंडाचे खनिज नाही की तेल नाही, तरी तो मोटारी जगभर विकतो. आफ्रिकेतील काँगो देशात जगातील सुमारे ७० टक्के कोबाल्ट निघतो. मोबाइलच्या आणि विजेवर चालणाऱ्या गाडीच्या बॅटरीत हाच धातू लागतो. तरी काँगो जगातील अत्यंत गरीब देशांत मोडतो, कारण खाणीतून निघालेला कोबाल्ट शुद्ध करण्याचे काम मुख्यतः चीनमध्ये होते. माती उचलणाऱ्याला मजुरी मिळते आणि धातू बनवणाऱ्याला नफा. हा फरक समजून घ्यायला फार दूर जायची गरज नाही. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरच्या परिसरात, तो डोळ्यांना दिसतो.

विकसित कोणाला म्हणायचे?

जागतिक बँक देशांचे चार गट करते आणि माप लावते दरडोई उत्पन्नाचे. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मापाप्रमाणे ज्या देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न १३,९३५ डॉलरच्या वर, तो उच्च उत्पन्नाचा देश. १,१३५ डॉलर किंवा त्याहून कमी असेल तर अल्प उत्पन्नाचा. भारत या दोहोंच्या मध्ये, निम्न मध्यम उत्पन्नाच्या गटात आहे.

पण नुसत्या उत्पन्नाचे माप फसवे ठरू शकते. आखातातील देशांचे दरडोई उत्पन्न तेलामुळे मोठे आहे, आणि आपल्यातील अनेक घरांची चूल त्या देशांतील नोकरीवर पेटली आहे. परंतु तेलाचा भाव उतरला की तिथल्या कामांना कात्री लागते, हेही त्याच घरांनी अनुभवले आहे. म्हणूनच पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ डॉ. महबूब उल हक यांनी १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे मानवी विकास निर्देशांक पुढे आणला. उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षणही त्यात मोजले जाते. २०२५ च्या अहवालात १९३ देशांत भारताचा क्रमांक १३० वा आहे, तर नेदरलँड्स पहिल्या दहांत आहे.

नेदरलँड्सचे, म्हणजे हॉलंडचे, नाव आम्ही मुद्दाम घेतले आहे. हा देश आकाराने महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा आहे आणि लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास. निरगुडसरच्या शेतकऱ्याचा आणि मंचरच्या अडत्याचा तो थेट व्यवसायबंधू आहे, कारण तोही कांदाच विकतो. पण तिकडे वळण्यापूर्वी आपल्या तालुक्याकडे पाहू.

एकाच तालुक्यात दोन देश

आंबेगाव तालुक्याचे दोन भाग आहेत. पश्चिमेला भीमाशंकरचा डोंगर. तिथे पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो, जंगल आहे, हिरडा आहे. पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो आणि शिरूरच्या बाजूला तर दुष्काळी पट्टाच लागतो. निसर्गसंपत्ती हेच श्रीमंतीचे कारण असते, तर पश्चिम श्रीमंत आणि पूर्व गरीब दिसायला हवी होती. प्रत्यक्षात उलट आहे.

घोड नदीवर डिंभे येथे धरण झाले. त्याची साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी. धरणाच्या पाण्यात जुने आंबेगाव बुडाले. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे तेच गाव राहिले नाही. आदिवासींच्या भातजमिनी पाण्याखाली गेल्या. धरणाचे आणि कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी मात्र खाली पूर्वेला आले. निरगुडसर, अवसरी, पारगावचा पट्टा बागायती झाला. ऊस आला, पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कांदा, बटाटा, दूध वाढले आणि मंचरची बाजारपेठ फुलली.

पश्चिमेचा आदिवासी हिरडा गोळा करतो, वाळवतो आणि व्यापाऱ्याला देतो. हिरडा औषधात जातो, चामडे कमावण्याच्या कामीही येतो. इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरातून तो युरोपातील चर्मोद्योगाकडे जहाजे भरभरून जात असे. चामडे कमावणारे आणि औषध बनवणारे पुढे गेले. गोळा करणारा जिथे होता तिथेच राहिला.

यात निरगुडसरच्या शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याने मेहनत केली आहे. आमचे म्हणणे इतकेच की संपत्ती कोणाच्या डोंगरावर आहे यापेक्षा ती वळवणारा कालवा, साठवणारी भिंत, तिच्यावर प्रक्रिया करणारा कारखाना आणि तिचा भाव ठरवणारा बाजार कोणाकडे आहे, याला जास्त महत्त्व असते. देशादेशांतील व्यवहारही याच पद्धतीने चालतो.

कांदा इथला आणि कांदा तिथला

मंचर, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा या बाजारांत कांद्याचा पुकारा दहा किलोच्या भावाने होतो. निवड होते, गोळा, गोल्टी, बदला असे भाग पडतात, पट्टी होते आणि गाडी भरली जाते. गरवा कांदा शेतकरी बराखीत ठेवतो. नाशिककडे तिलाच चाळ म्हणतात. बराखीत हवा खेळते, पण तिथले तापमान आपल्या हाती नसते. पावसाळी दमट हवेत कांदा सडतो, कोंब येतात, वजन घटते. साठवलेल्या मालाचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा अशा प्रकारे वाया जाणे आपल्याकडे नवलाचे नाही.

नेदरलँड्सच्या झीलंड प्रांतात आणि आसपास कांदा पिकतो. तिथला शेतकरी हेक्टरी ४५ ते ५० टन पीक काढतो. आपली देशाची सरासरी १६ ते १८ टनांच्या घरात आहे. तिथला दिवस उन्हाळ्यात फार मोठा असतो आणि एकच पीक संपूर्ण हंगाम घेतात, त्यामुळे थोडा फरक निसर्गाचा आहे. बाकीचा फरक भांडवलाचा आहे. काढलेला कांदा मोठ्या कोठारात जातो. तिथे खालून यंत्राने हवा सोडतात, कांदा आधी कोरडा करतात, मग थंड ठेवतात. तो महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे भाव पडला म्हणून विकायची सक्ती तिथल्या शेतकऱ्यावर नसते. नेदरलँड्सचा नव्वद टक्क्यांच्या आसपास कांदा निर्यात होतो. त्याचे मोठे गिऱ्हाईक पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल, आयव्हरी कोस्ट असे देश आहेत. म्हणजे श्रीमंत देशाचा शेतमाल गरीब देश विकत घेतात.

बियाण्याचेही तसेच. भाजीपाल्याच्या बियाण्यात डच कंपन्यांचा जगभर दबदबा आहे. आपल्या जालन्यातील बेजो शीतल ही कंपनीसुद्धा डच 'बेजो' कंपनीच्या भागीदारीतील आहे. देशाच्या उत्पन्नातील शंभर रुपयांपैकी नेदरलँड्स दोन रुपयांहून जास्त संशोधनावर घालतो. आपण पाऊण रुपयाही घालत नाही.

परिणाम पाहावा. नेदरलँड्सची शेतमालाची निर्यात २०२३ मध्ये १२० अब्ज युरोंच्या वर गेली. यात बराच माल बाहेरून आणून, निवडून, बांधून पुन्हा विकलेला असतो. म्हणजे जमिनीचीही गरज नाही, बंदर आणि गोदाम पुरते. शेतीयोग्य जमिनीत जगात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या भारताची शेतमालाची निर्यात २०२३-२४ मध्ये ५० अब्ज डॉलरच्या आसपास होती. आपल्याकडे शंभर कामकऱ्यांपैकी सुमारे ४५ शेतीत आहेत आणि देशाच्या उत्पन्नातील त्यांचा वाटा शंभरात अठराच्या जवळपास. तिथे शंभरात दोन माणसे शेतीत आहेत. विकसित आणि विकसनशील यांतील खरी दरी या आकड्यांत आहे. थोडी माणसे, जास्त यंत्रे, जास्त वीज, जास्त शिक्षण. त्यामुळे प्रत्येक हाताची कमाई मोठी.

हे सारे त्यांनी केवळ हुशारीने मिळवले असेही नाही. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये निघाली. पुढे १८३० पासून जावा बेटावर डच सरकारने शेतकऱ्यांना ऊस, कॉफी, नीळ सक्तीने पिकवायला लावली आणि त्या मालाचा पैसा हॉलंडच्या तिजोरीत गेला. रेल्वे, कालवे, बंदरे यांना लागणारे भांडवल काही अंशी अशा वाटेने जमले.

जुन्नरी कागदाचे काय झाले?

आमच्या कारागीर वाचकांना शेजारच्या जुन्नरची आठवण करून देणे भाग आहे. जुन्नरचा हातकागद एकेकाळी दख्खनभर प्रसिद्ध होता. पेशवाईतील दप्तरांत 'जुन्नरी' कागद वापरला जाई. तो बनवणारे कागदी हे मुसलमान कारागीर होते. दख्खनी पद्धतीत जुने गोणपाट, सुतळी, चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटत, नदीवर धूत, लगद्यातून गवताच्या चाळणीवर ताव उचलत, भिंतीला लावून वाळवत, खळ देत आणि दगडाने घोटून गुळगुळीत करीत. बोरूने लिहिलेली त्यावरची मोडी अक्षरे आजही वाचता येतात.

मग हा धंदा बसला का? कसब कमी पडले म्हणून नव्हे. कागदाचे सलग भेंडोळे काढणाऱ्या यंत्राची कल्पना १७९९ मध्ये फ्रान्समध्ये निघाली आणि इंग्लंडात तिचा कारखाना झाला. यंत्राचा कागद स्वस्त पडू लागला. त्यात सर चार्ल्स वूड हे १८५९ ते १८६६ या काळात भारतमंत्री असताना हिंदुस्थान सरकारला लागणारा माल विलायतेत खरेदी करण्याचा हुकूम निघाला. सरकारी कचेरी हेच कागदाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. तेच गेल्यावर कागद्याने काय करावे? एकीकडे यंत्र आणि भांडवल, दुसरीकडे हुकूम, या कात्रीत जुन्नरचे कागदी सापडले. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा हे नाव तेवढे राहिले.

पुढे महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था निघाली आणि कला टिकली. राजस्थानात जयपूरजवळच्या सांगानेर येथील कागदी घराण्यांनी तर हाच हातकागद नव्या रंगांत, पिशव्या, वह्या, लग्नपत्रिका अशा रूपात युरोप-अमेरिकेला विकायला सुरुवात केली. स्वस्त कागद यंत्राने करावा, पण हाताचा कागद महाग विकावा, हे गणित त्यांनी ओळखले. ज्या देशांच्या यंत्रांनी हा धंदा मारला त्याच देशांत आज त्याला गिऱ्हाईक आहे.

नियम कोण करतो?

अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश यांनी १९५० च्या सुमारास एक गोष्ट मांडली. कच्चा माल विकून पक्का माल घेणाऱ्या देशाची स्थिती काळाबरोबर बिघडत जाते, कारण यंत्रांच्या तुलनेत शेतमालाचा भाव हळूहळू उतरत जातो. आज ट्रॅक्टर घ्यायला जितका कांदा विकावा लागतो, त्याहून जास्त उद्या विकावा लागेल. याच विचारातून गरीब देशांचे म्हणणे मांडण्यासाठी १९६४ मध्ये 'अंक्टाड' ही संयुक्त राष्ट्रांची संस्था स्थापन झाली आणि प्रेबिश तिचे पहिले महासचिव झाले.

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना आली. व्यापार खुला होईल असे सांगण्यात आले. जकात काही प्रमाणात उतरली हे खरे. पण श्रीमंत देशांनी आपल्या शेतकऱ्यांना दिलेली मोठी अनुदाने चालूच राहिली आणि दर्जाच्या नियमांची भिंत उभी राहिली. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, कारण त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले. बागाईतदार आणि निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले. नियम आरोग्यासाठी असतो, त्याला आमची हरकत नाही. तो आपल्यालाही हवा. पण तो तपासणारी प्रयोगशाळा, तो सांगणारा सल्लागार आणि नुकसान सोसण्याची ताकद त्यांच्याकडे आहे, आपल्या द्राक्षवाल्याकडे नाही.

सगळा दोष परक्यांवर ढकलणेही बरोबर नाही. २०२२-२३ मध्ये भारताने सुमारे २५ लाख टन कांदा निर्यात केला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद केली. ती मे २०२४ मध्ये उठली, आणि शुल्क पूर्णपणे निघाले ते १ एप्रिल २०२५ रोजी. त्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, निर्यात सुमारे १७ लाख टनांवर आली. शहरातील गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा मिळावा हा हेतू समजू शकतो. परंतु बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, दुबईचे व्यापारी पाकिस्तान, चीन, इजिप्तकडे वळले. एकदा तुटलेले गिऱ्हाईक परत आणायला किती वर्षे लागतात, हे दुकानदाराला सांगायला नको. डच कोठारवाल्याला आपले सरकार उद्या दार लावील ही भीती नसते. भरवशाचे धोरण हीसुद्धा विकसित देशाची एक संपत्तीच आहे.

कमी पैशांतही होते

भांडवल नाही म्हणून हात बांधून बसावे का? जुन्नर तालुक्यातील खोडदला जाऊन पाहावे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात तिथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. श्रीमंत देशांसारख्या भरीव पत्र्याच्या तबकड्या करायच्या तर खर्च परवडला नसता. लांब रेडिओ लहरींना जाळीही पुरते हे जाणून इथे पोलादी दोऱ्यांवर बारीक तारेची जाळी ताणली. वजन कमी, वाऱ्याचा जोर कमी, खर्चही कमी. आज विकसित देशांचे शास्त्रज्ञ या दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात.

दुधाचे उदाहरण आणखी जवळचे आहे. भारत १९९८ पासून दूध उत्पादनात जगात पहिला आहे, पण बरेच दूध दूध म्हणूनच विकले जाते. मंचरजवळ अवसरी फाट्यावर १९९२ मध्ये सुरू झालेल्या पराग मिल्क फूड्स या खासगी कंपनीने त्याच दुधाचे तूप आणि चीज करून देशभर आणि परदेशात विकले. कांद्यात हे काम गुजरातमधील महुवाने केले. तिथे कांदा सुकवून त्याच्या चकत्या आणि भुकटी करणारे अनेक कारखाने आहेत आणि तो माल युरोपला जातो. सुकलेला कांदा सडत नाही, त्यामुळे भाव पडला तरी थांबता येते.

डिंभ्याच्या पाण्याखाली जमिनी गेलेल्या आदिवासींनीही 'शाश्वत' संस्थेच्या मदतीने त्याच जलाशयात सहकारी पद्धतीने मासेमारी सुरू केली आणि डोंगरउतारावर पडकईने नवी भातखाचरे घडवली. २०१२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्या पाण्याने घेतले, त्याच पाण्यातून थोडे तरी परत मिळवले.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, आपला माल गिऱ्हाइकापर्यंत पोचेपर्यंत किती हातांतून जातो आणि प्रत्येक हात किती मिळवतो, हे कागदावर मांडावे. कांदा असो, हिरडा असो, चामडे असो की लोखंडी अवजार असो. आज आपण ज्या पायरीवर आहोत त्याच्या वरची एक पायरी आपल्याला घेता येईल का, ते पाहावे. निवड, बांधणी, साठवण, सुकवण, शिलाई, स्वतःचे नाव लावून विक्री, यांपैकी एक तरी. सगळ्या पायऱ्या एकदम घ्यायला जाऊ नये.

दुसरी गोष्ट भांडवलाची. लहान कारागिराला इथे कर्ज मिळणे कठीण, आणि मिळाले तर महाग. विकसित देशांतील कारखानदाराला ते स्वस्तात मिळते. शिवाय आपल्यातील अनेकांसाठी व्याजाचा प्रश्न केवळ हिशेबाचा नसतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. पण ते बँकेच्या कर्जाशी जोडलेले होते. अर्ज करण्यापूर्वी तालुका कृषी कार्यालयात सद्य स्थिती विचारावी. ज्यांना कर्ज नको त्यांनी भागीदारीचा जुना मार्ग धरावा. एकाची रक्कम, दुसऱ्याचे श्रम, नफा-तोटा ठरल्याप्रमाणे वाटून. चार व्यापाऱ्यांनी मिळून एक चांगली बराख किंवा सुकवणीचे एक यंत्र घेतले, तर एकट्याच्या डोक्यावर बोजा येत नाही. मात्र करार लेखी असावा आणि वही रोजची रोज भरलेली असावी.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. अन्नपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षेचा परवाना, परदेशी पाठवायचे तर आयात-निर्यात क्रमांक, आणि मालाचा तपासणी दाखला. यात टाळाटाळ करणारा नेहमी दुसऱ्याच्या परवान्यावर माल विकतो आणि नफ्याचा मोठा भाग त्यालाच देतो.

चौथी आणि शेवटची गोष्ट मुलांची. नेदरलँड्सची खरी खाण त्यांच्या शेतकी विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत आहे. अडत्याच्या मुलाने अन्नतंत्रज्ञान शिकावे, लोहाराच्या मुलाने यंत्रे जुळवायला शिकावे, आणि शिकून पुन्हा याच धंद्यात यावे. बापाला कांद्याची पारख आहेच. कोठारातले तापमान किती ठेवायचे हे मुलाला कळले, तर भाव पडलेल्या दिवशी गाडी भरण्याची सक्ती त्या घरावर राहणार नाही.